एकोणतीस अंकांची राशी आणि नवाची कसोटी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शेगाव येथे झालेल्या व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)





ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने झाली. त्या मालिकेत माझ्यासारख्या कापड दुकानदाराने उभे राहावे, हा कार्यकारिणीचा मोठेपणा आहे. मी गणिताचा पंडित नव्हे, आगमांचा अभ्यासक तर मुळीच नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलांच्या गादीवर बसलो. आयुष्य मीटर, ताके आणि खतावणी यांत गेले. तरीही आज आपल्या शास्त्रांतील एका प्रचंड संख्येविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण त्या संख्येने मला माझी एक चूक दाखवून दिली आणि ती चूक सर्वांसमोर सांगणे मला आवश्यक वाटते.

प्रथम दुकानातील एक प्रसंग सांगतो. १९८२ सालची दिवाळी. वह्यापूजनापूर्वी मेळ बसवायचा होता आणि ६३० रुपयांचा फरक काही केल्या निघत नव्हता. दोन रात्री मी किर्द आणि खतावणी उलटीपालटी करीत होतो. पदवीचे प्रमाणपत्र नुकतेच भिंतीवर लागले होते, त्यामुळे कोणाला विचारणेही कमीपणाचे वाटे. अखेर आमचे वृद्ध मुनीमजी म्हणाले, "छोटे शेठ, आधी फरकाला नवाने भाग जातो का ते पाहा. जात असेल तर बेरीज तपासू नका, अंकांची अदलाबदल शोधा." ६३० ला नवाने भागले, उत्तर ७० आले. मुनीमजी म्हणाले, "दशक आणि शतक यांची अदलाबदल आहे, आणि त्या दोन अंकांत सातचे अंतर आहे." दहा मिनिटांत नोंद सापडली. एका गिऱ्हाइकाच्या नावे १८२ रुपये मांडायचे, तेथे मी ८१२ लिहिले होते.

शेजारच्या दोन अंकांची जागा बदलली की पडणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. दहा वजा एक म्हणजे नऊ, शंभर वजा दहा म्हणजे नव्वद. कारण एवढेच आहे. व्यापाऱ्यांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ती लक्षात ठेवावी, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांच्या संख्येचा विचार येतो. तेथे जघन्य, म्हणजे किमान, मनुष्यसंख्या कोणत्या पद्धतीने सांगितली आहे ते पाहण्यासारखे आहे. ती एकोणतीस स्थानांची आहे. सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले की ती मिळते. आणि ती शहाण्णव वेळा अर्धी करता येते. म्हणजे एकाच संख्येची ओळख तीन वेगवेगळ्या प्रकारांनी दिली आहे. आठ स्थानांना एक 'यमलपद' मानून ती तीन यमलपदांच्या वर आणि चार यमलपदांच्या खाली आहे, असेही म्हटले आहे. तीन यमलपदे म्हणजे २४ स्थाने, चार म्हणजे ३२. एकोणतीस बरोबर या दोहोंच्या मध्ये येतात.

वर्ग म्हणजे संख्येला त्याच संख्येने गुणणे. दोनपासून आरंभ करू. दोनाचा पहिला वर्ग ४. चाराचा वर्ग १६, हा दुसरा. तिसरा २५६, चौथा ६५,५३६. पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. सहावा वर्ग १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१६. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढे प्रत्येक घरात दुप्पट, ही गोष्ट आपण ऐकली आहे. त्या चौसष्ट घरांतील सर्व दाण्यांच्या बेरजेपेक्षा हा सहावा वर्ग बरोबर एकाने अधिक आहे. आता पाचवा आणि सहावा यांचा गुणाकार करा. उत्तर येते:

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६

अंक मोजून पाहा, एकोणतीस भरतात. राहिली तिसरी खूण, शहाण्णव वेळा अर्धे करण्याची. आपल्या ग्रंथांत याला 'अर्धच्छेद' असा सुंदर शब्द आहे. एखादी राशी अर्धी अर्धी करीत एकापर्यंत यायला जितके छेद लागतात, तितके तिचे अर्धच्छेद. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. म्हणून आठाचे अर्धच्छेद तीन. याच न्यायाने चाराचे दोन, सोळाचे चार, २५६ चे आठ. प्रत्येक वर्गाला अर्धच्छेद दुप्पट होतात. म्हणून पाचव्या वर्गाचे ३२ आणि सहाव्याचे ६४. गुणाकार केला की अर्धच्छेदांची बेरीज होते. ३२ आणि ६४ मिळून ९६. एवढा अवाढव्य गुणाकार, आणि त्याची पडताळणी पाठशाळेतील मुलाला येणाऱ्या बेरजेने होते!

या राशीचे आणखी काही गुण सांगतो. तिचा मूळ अवयव एकच आहे, दोन. तीन, पाच, सात किंवा अन्य कोणत्याही विषम संख्येने (एक वगळता) तिला निःशेष भाग जाणार नाही. तिचे एकूण भाजक ९७. ती पूर्ण वर्ग आहे. २८,१४,७४,९७,६७,१०,६५६ या संख्येचा वर्ग म्हणजे ती. ती पूर्ण घनही आहे. पाचव्या वर्गाचा घन केला तरी हीच राशी मिळते, कारण सहावा वर्ग म्हणजे पाचवा गुणिले पाचवाच. इतक्या अंकांची संख्या आणि तिच्या पोटात दोनाशिवाय दुसरे काही नाही.

हे सारे आपल्यापासून दूर कोठे तरी आहे असे वाटू नये. शेगावहून रेल्वेत बसले की अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा आणि पुढे अमरावती. त्या अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात डॉ. हीरालाल जैन संस्कृतचे अध्यापक होते. षट्खंडागम आणि त्यावरील आचार्य वीरसेनांची 'धवला' टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जपली गेली होती. डॉ. हीरालाल जैनांच्या संपादनाखाली तिचा पहिला भाग १९३९ साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा भाग पूर्ण झाले. नंतरच्या काळात सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने त्यांची सुधारित आवृत्ती काढली. अनुयोगद्वाराची संशोधित आवृत्तीही महाराष्ट्रातच निघाली; मुनी पुण्यविजयजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला तो ग्रंथ १९६८ साली मुंबईच्या महावीर जैन विद्यालयाने प्रकाशित केला.

धवलेच्या चौथ्या भागात, १९४२ साली, लखनौ विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरचा लेख छापला गेला. इ. स. ८१६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या टीकेत अर्धच्छेदांचे नियम किती स्पष्ट आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज, भागाकाराचे म्हणजे वजाबाकी. दोनाने छेदले तर अर्धच्छेद, तिनाने छेदले तर त्रिकच्छेद, चाराने छेदले तर चतुर्थच्छेद. शाळेत ज्याला आपण लॉगरिथम म्हणतो, त्यामागील हाच विचार आहे. युरोपात नेपियरची लॉगरिथमची कोष्टके १६१४ साली आली. तथापि येथे सावधपणे बोलले पाहिजे. नेपियरने प्रत्यक्ष आकडेमोडीसाठी कोष्टके तयार केली, ते काम निराळे होते. आपल्याकडे नियम होते, हे सत्य पुरेसे मोठे आहे. ते फुगवून सांगण्याची गरज नाही.

धवलेतील ज्या गोष्टीने मी अक्षरशः थांबलो, ती आता सांगतो. ही एकोणतीस अंकी राशी वीरसेनाचार्यांना ठाऊक होती. परंतु त्यांच्यासमोरील सूत्रात पर्याप्त मनुष्यांची संख्या एक कोटीच्या तिसऱ्या घाताहून अधिक आणि चौथ्या घाताहून कमी, अशी मर्यादा होती. कोटीचा चौथा घात म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये. त्याचेही अंक एकोणतीसच! परंतु आपली राशी त्याच्या जवळजवळ आठपट आहे. एक लाख आणि आठ लाख दोन्ही सहा अंकी आहेत म्हणून कोणी व्यापारी त्यांना सारखे म्हणेल काय? आचार्यांनीही म्हटले नाही. त्यांनी पंचेचाळीस लाख योजनांच्या मनुष्यक्षेत्राचा हिशेब मांडला, मनुष्याला लागणारी जागा धरली आणि इतके मनुष्य त्या क्षेत्रात मावणार नाहीत, असे सांगून ते मत अमान्य केले. परंपरेने आलेली संख्या समोर होती, आणि त्या महान आचार्यांनी तिच्यापुढे क्षेत्रफळाचे गणित ठेवले. दोन परंपरांतील या मतभेदाचा तात्त्विक निर्णय माझ्या अधिकारातला नाही; तो मुनिभगवंतांना विचारावा. मी फक्त त्यांच्या तपासण्याच्या वृत्तीपुढे नतमस्तक होतो.

कारण ती वृत्ती माझ्यात नव्हती. आता माझ्या चुकीची गोष्ट.

आपल्या पाठशाळेच्या भिंतीवर मी स्वतः एक तक्ता लावला होता. मोठ्या अक्षरांत ही राशी, आणि खाली 'शहाण्णव वेळा अर्धी होणारी संख्या'. आठ वर्षे तो तेथे होता. पर्युषणात मुलांना तो वाचून दाखविताना माझा ऊर भरून येई. एके रविवारी सातवीतील एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, हे शहाण्णव वेळा होतच नाही. दोनदा अर्धं केलं आणि शेवटी नऊ आला. पुढे कसं करायचं?"

मी हसून म्हणालो, "बेटा, तुझा भागाकार चुकला असेल. परत कर." तिने दोनदा पुन्हा केला, उत्तर तेच. मग मी माझे व्यापारी अस्त्र काढले. तिला म्हणालो, "आपण नवाची कसोटी लावू." दोन सहा वेळा घेऊन गुणले की ६४ येतात आणि ६४ ला नवाने भागले की बाकी एक. शहाण्णव म्हणजे सोळा वेळा सहा, म्हणून आपल्या राशीची बाकीही एकच यायला हवी. तक्त्यावरील सर्व अंकांची बेरीज केली, १२७ आली. एक, दोन आणि सात मिळून दहा, दहाचा एक. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "पाहिलेस? संख्या बरोबर आहे." मुलगी काही बोलली नाही. तिने केवळ वही माझ्यासमोर ठेवली. दुसऱ्या ओळीच्या अखेरीस नऊ होता, आणि नऊ काही अर्धा होत नाही.

त्या रात्री घरी जाऊन मी पाचव्या आणि सहाव्या वर्गाचा गुणाकार हाताने केला. शेवटचे पाच अंक आले ५०,३३६. तक्त्यावर होते ५३,०३६. शून्य आणि तीन यांची मी अदलाबदल केली होती. फरक २,७०० चा. म्हणजे नऊ गुणिले तीनशे!

मुनीमजींचे वाक्य मला मध्यरात्री आठवले. अदलाबदलीचा फरक नवाच्या पटीत असतो. मग ज्या चुकीचा फरक नवाच्या पटीत, ती चूक नवाच्या कसोटीला दिसणार कशी? अंक तेच, केवळ जागा बदललेल्या, त्यामुळे बेरीजही तीच. त्या नियमाची एक बाजू मी उभ्या आयुष्यात वापरली, दुसरी बाजू कधी पाहिली नाही. व्यापाऱ्याच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ज्या कसोटीवर त्याचा सर्वाधिक भरवसा, ती याच चुकीपुढे आंधळी.

नवाच्या या खेळात आपल्या महाराष्ट्राने एक मोठे नाव दिले आहे. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). त्यांनी १९४९ साली शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा आणि हेच पुन्हा करीत राहा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात. माझ्या फजितीचे साल १९८२ घेऊन पाहू. ९८२१ वजा १२८९ म्हणजे ८५३२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यातील प्रत्येक वजाबाकी नवाच्या पटीत आहे, कारण येथेही अंक तेच आणि जागा वेगळ्या. साधा शाळामास्तर अंकांकडे इतक्या प्रेमाने पाहू शकतो, तर आपण का नाही?

मग अदलाबदल पकडायची कशी? त्यासाठी अकराची कसोटी आहे. उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक घेऊन बेरीज करावी. उरलेल्या अंकांची वेगळी बेरीज करावी. पहिलीतून दुसरी वजा करावी आणि अकराने भागून बाकी पाहावी. शेजारचे दोन भिन्न अंक बदलले की एक अंक एका गटातून दुसऱ्यात जातो, म्हणून ही कसोटी जागी राहते. शुद्ध राशीत बेरजा येतात ७९ आणि ४८. वजाबाकी ३१, अकराने भागून बाकी ९. दोन दहा वेळा घेऊन गुणले की अकराची बाकी एक उरते, म्हणून शहाण्णवांतील नव्वद सोडून द्यावे. उरले सहा, म्हणजे ६४, आणि ६४ ची बाकी ९. जुळले! माझ्या तक्त्यावरील संख्येत बेरजा ७६ आणि ५१, वजाबाकी २५, बाकी ३. चूक लगेच उघडी पडली असती. मी कसोटी लावली असती तर.

हीच दृष्टी शीर्षप्रहेलिकेला लावून पाहू. चौऱ्याऐंशी लाख वर्षांचे एक पूर्वांग. चौऱ्याऐंशी लाख पूर्वांगांचे एक पूर्व, म्हणजे सत्तर लाख छप्पन्न हजार कोटी वर्षे. असे चौऱ्याऐंशी लाखांनी गुणत अठ्ठाविसाव्या नावाला शीर्षप्रहेलिका येते. अंक १९४, पहिले ५४ आणि त्यापुढे १४० शून्ये. ही शून्ये १४० च का? चौऱ्याऐंशी लाखात पाच शून्ये, ती अठ्ठावीस वेळा, म्हणजे १४०. चौऱ्याऐंशीत पाच हा अवयव नाही, म्हणून एकही शून्य वाढत नाही. ही राशी १९६ वेळा अर्धी होते, परंतु अखेरीस एक उरत नाही, कारण तिच्या पोटात तीन, पाच आणि सातही आहेत. तिला नवाने निःशेष भाग जातो. अकराने भागले तर बाकी ९. ज्योतिष्करंडकाच्या परंपरेत मात्र शीर्षप्रहेलिका २५० अंकांची आहे. तेथे गुणाकार छत्तीस वेळा धरला की ७० अंक आणि १८० शून्ये बरोबर भरतात. दोन्ही संख्या आपापल्या रीतीने शुद्ध आहेत. भेद परंपरेचा आहे, गणिताचा नाही. तपासून पाहिले म्हणून हे निःशंकपणे सांगता येते.

आजच्या मुलांना ३२ आणि ६४ हे आकडे संगणकामुळे परिचित आहेत. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्त्यांची कमाल संख्या म्हणजे आपला पाचवा वर्गच, ४,२९,४९,६७,२९६. त्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा २०११ साली संपला. म्हणून आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता, असे कृपया कोणी म्हणू नये. दुप्पट करणे आणि अर्धे करणे या क्रिया मनुष्याला जेथे जेथे खोलवर न्याव्याशा वाटल्या, तेथे तेथे याच संख्या भेटणार. पूर्वजांचा गौरव यात आहे की, त्यांनी राशी सांगितली आणि तिच्याबरोबर ती तपासण्याची रीतही सांगितली. शहाण्णव अर्धच्छेद ही त्या राशीला लावलेली मोहोरच होती. त्या सातवीतील मुलीने फक्त ती मोहोर वाचली.

बंधूंनो, पन्नास वर्षे या ट्रस्टचा पै-पैचा हिशेब तपासला गेला. लेखापरीक्षकांनी शंका काढली तर आपल्यापैकी कोणी त्यांच्यावर अश्रद्धेचा आरोप केला नाही. परंतु धर्माच्या भिंतीवर लावलेला आकडा मी आठ वर्षे तपासला नाही, आणि तपासणाऱ्या मुलीला प्रथम चूक ठरविले. पुढच्या रविवारी मी सर्व मुलांसमोर तिची क्षमा मागितली. नवा तक्ता तिच्याच हातून लिहून घेतला. खाली एक ओळ वाढविली आहे: 'कृपया तपासून पाहावे.'

माझी एक विनंती आहे. सुवर्णमहोत्सवानंतर पाठशाळेत महिन्यातून एक दिवस अशा गणितासाठी ठेवावा. आणि ही स्मरणिका हाती आल्यावर प्रत्येकाने वर छापलेली एकोणतीस अंकी राशी नवाने आणि अकराने तपासावी. बाकी १ आणि ९ यायला हवी. मुद्रणात किंवा माझ्या हस्ताक्षरात काही अदलाबदल झालीच असेल, तर मला दुकानावर येऊन अवश्य सांगावे. आपला मी ऋणी राहीन.

माझ्या बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.